लाँगबो : बाणाची दिशा व तिची अचूकता

माणसाच्या उंचीएवढे वा त्याहून लांब, सरळ दांड्याचे व बहुधा एकाच लाकडातून घडविलेले इंग्लिश धनुष्य म्हणजे लाँगबो. यू वृक्षाचे लाकूड त्यासाठी सर्वोत्तम मानले जाई. क्रेसी (१३४६) व ॲजिनकोर्ट (१४१५) येथील लढायांनी त्यास ख्याती मिळाली. १५४५ मध्ये बुडालेल्या व १९८२ मध्ये वर काढण्यात आलेल्या मेरी रोझ या युद्धनौकेच्या अवशेषांत १३० हून अधिक अखंड धनुष्ये आढळली. त्यांपैकी बहुतेकांची ओढ सु. ४५ ते ८० किग्रॅ. असावी, असे अनुमान आहे.

रणांगणावर दाट समूहावर शरवर्षाव करताना पल्ला साधणे महत्त्वाचे असे. बाण हातभर डावीउजवीकडे गेला, तरी फारसे बिघडत नसे. १५४१ च्या एका कायद्याने २४ वर्षांवरील पुरुषांना हलक्या बाणांनी २२० यार्ड (सु. २०१ मी.) वा त्याहून जवळच्या लक्ष्यावर सराव करण्यास मनाई केली. राज्यकर्त्यांना कोणता गुण हवा होता, हे यावरून दिसते.

एकट्या लक्ष्याचा वेध घेणाऱ्यास मात्र दिशेचा प्रश्न टाळता येत नाही. रॉजर ॲस्कम (१५१५–६८) याने टॉक्सोफिलस (१५४५) या संवादरूप ग्रंथात वेधाचे दोन घटक मानले : पल्ला राखणे व सरळ मारणे. बाण सोडताना त्याच्या अग्राकडे पाहिल्यास पल्ला चांगला राखता येतो, परंतु सरळ मारण्यासाठी दृष्टी लक्ष्यावरच हवी, अशी अडचण त्याने नेमकी हेरली आहे. लक्ष्यामागील झाड वा टेकडी खूण म्हणून धरण्याची तिरंदाजांची युक्तीही तो सांगतो. एका कसबी तिरंदाजाने आपले सामान दोन लक्ष्यांच्या बरोबर मध्यावर ठेवले. ते सामानाच्या काळजीपोटी, असे काहींना वाटले. ॲस्कमच्या मते तो दिशा धरण्याचा डाव होता. निरीक्षण मार्मिक आहे, पण दोषाचे मूळ तो डोळ्यात व हातातच शोधतो.

पुढे धनुर्विद्या केवळ क्रीडा म्हणून उरल्यावर हॉरेस फोर्ड याने या बाबतीत मोठी सुधारणा केली. प्रत्यंचा कानापर्यंत ओढण्याच्या जुन्या पद्धतीत बाण दृष्टिरेषेच्या बाहेर राहतो व त्याची खरी दिशा नेम धरणाऱ्यास कळत नाही. बाण नेम धरणाऱ्या डोळ्याच्या बरोबर खाली असावा, असा आग्रह फोर्डने १८५६ च्या आपल्या ग्रंथात धरला. १८४९ ते १८५९ अशी सलग ११ वर्षे तो राष्ट्रीय विजेता होता. १८५७ मध्ये चेल्टनम येथे १००, ८० व ६० यार्डांवरून मारलेल्या २८८ बाणांत त्याने २४५ वेध व १,२५१ गुण मिळविले.

तरीही एक कोडे उरले. लाँगबोच्या मुठीपाशी बाणासाठी मध्यभागी खाच नसते. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डाव्या अंगास टेकतो. बाणाचा अक्ष मुठीच्या मध्यापासून २ सेंमी. दूर आहे, असे धरले, तर पूर्ण ओढीच्या वेळी बाण सु. दीड अंश डावीकडे वळलेला असतो. प्रत्यंचा मूळ जागी येते तेव्हा हा कोन सु. ७ अंश होतो. या हिशेबाने १०० यार्डांवर बाण ८ ते ९ मी. डावीकडे जावयास हवा. प्रत्यक्षात जुळलेला बाण लक्ष्यावर लागतो. रॉबर्ट एल्मर या अमेरिकन तज्ञाने यास ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असे नाव दिले. क्लॅरेन्स हिकमन व पॉल क्लॉप्स्टेग या भौतिकीविज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अतिशीघ्र छायाचित्रणाने तो उलगडला. बोटांवरून निसटताना प्रत्यंचा किंचित बाजूस सरकते. मागून येणाऱ्या जोराने बाण प्रथम धनुष्याच्या बाजूस व मग उलट बाजूस वाकतो आणि मुठीला वळसा घालून, कंप पावतच, मूळ रोखाने जातो. हा कंप पुढे शमतो.

त्यामुळे दिशेची अचूकता बाणाच्या ताठरपणावर फार अवलंबून असते. धनुष्याच्या मानाने फार ताठ बाण (उजव्या हाताच्या तिरंदाजाच्या बाबतीत) डावीकडे आणि फार लवचिक बाण उजवीकडे जातो. एकाच जुडग्यातील बाण कमीअधिक ताठ असतील, तर नेम कितीही स्थिर असो, ते आडव्या रेषेत विखुरतात. मात्र बोटे बाहेर झटकून प्रत्यंचा सोडण्याच्या सवयीनेही असाच दोष येतो. म्हणून हात एकसारखा चालू लागल्यावरच बाणांची परीक्षा करणे योग्य. ती करताना पिसांचा आधार वगळून, बिनपिसांचा बाण जवळून मारून पाहतात. तो ताठ ठरला, तर अधिक जड अग्र लावतात वा पुढचा बाण अधिक लांब ठेवतात. लवचिक ठरल्यास दांडी थोडी कापतात किंवा अग्र हलके करतात.