रेड: स्वस्त डिस्कांची महाग गोष्ट

रेड म्हटलं की आपल्याकडे आधी आयकर खातं आठवतं. "आज दिवसभर रेडचं काम होतं" असं मी एकदा आईला फोनवर सांगितलं, तर पलीकडे काही सेकंद नुसती शांतता! तर मंडळी, ही ती रेड नव्हे. सर्व्हरमध्ये चार-सहा-आठ हार्ड डिस्क एकत्र बांधायच्या, त्या मिळून एकच मोठी डिस्क आहे असं भासवायचं आणि त्यातली एखादी मेली तरी डेटा जिवंत ठेवायचा, ती ही रेड. आमच्यासारखे लोक कंट्रोलरचं कार्ड स्लॉटमध्ये खोचतात, सर्व्हर चालू होताना कंट्रोल आणि आर दाबून त्याच्या मेनूत शिरतात, 'रेड ५' निवडतात, एंटर मारतात आणि चहाला जातात. या पाचाच्या आधी चार काय होते, आणि हा आकडा कोणी दिला, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. इंजिनिअरिंगला हा विषय दहा मार्कांची टीप म्हणून होता. टीप पाठ झाली, गोष्ट राहून गेली. ती आज सांगतो.

साल १९८७. कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ. डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ हे दोन प्राध्यापक आणि गार्थ गिब्सन हा त्यांचा विद्यार्थी. पॅटरसन म्हणजे रिस्क प्रोसेसरवाले. त्याच कामासाठी त्यांना आणि जॉन हेनेसींना २०१७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. या लोकांना छळणारा प्रश्न साधा होता. प्रोसेसर दरवर्षी वेगाने पळतोय, मेमरी वाढतेय, पण डिस्क मात्र फिरणारी तबकडी आणि हलणारा दांडा. ती किती पळणार? प्रोसेसर दसपट केला आणि डिस्क तिथेच राहिली, तर सगळा वेळ डिस्कची वाट बघण्यातच जाणार.

त्या काळातली मोठ्या कंपन्यांची डिस्क म्हणजे आयबीएम ३३८०. चौदा इंची तबकड्या, साडेसात हजार एमबी जागा, २४ घनफूट आकार आणि ६६०० वॉट वीज. गोदरेजचं कपाट डोळ्यांसमोर आणा आणि त्याला गीझर जोडा. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी नव्याने आलेली कॉनर कंपनीची सीपी ३१०० होती. साडेतीन इंची, १०० एमबी, १० वॉट. मजा म्हणजे दर एमबीमागे ही छोटी डिस्क मोठीपेक्षा स्वस्त पडत होती: मोठीचे १० ते १८ डॉलर, छोटीचे ७ ते ११. मग ७५ छोट्या डिस्क एकत्र केल्या तर? जागा तेवढीच, वीज ७५० वॉट, आणि ७५ दांडे एकाच वेळी हलणार म्हणून वेग कितीतरी जास्त.

आता कोणीही विचारेल, मग अडलं कुठे? अडलं हिशेबात. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांपेक्षा थोडं जास्त. पण शंभर डिस्क ठेवल्या, तर त्यातली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत मरणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! आणि डेटा सगळ्यांवर वाटलेला असेल तर एक गेली की सगळंच गेलं. स्वस्तात मस्त म्हणून घ्यायचं आणि दर पंधरवड्याला रडत बसायचं.

उपाय होता जादा माहिती. समजा आपण चौघे हॉटेलात जेवलो आणि काँट्रिब्युशन काढलं. एकूण रक्कम लिहून ठेवली आहे, तिघांनी किती दिले ते आठवतंय, तर चौथ्याचा आकडा विचारायची गरजच नाही. वजाबाकी करा. पॅरिटी म्हणजे हेच, फक्त बेरजेऐवजी एक्सॉर. दहा डिस्कमागे एक जादा डिस्क ठेवायची. एखादी मेली की उरलेल्या दहांवरून तिचं सगळं परत काढायचं.

हे सगळं त्यांनीच शोधलं असं नाही. एकाच डेटाच्या दोन प्रती ठेवणारी टँडेमची मशिनं आधीपासून होती. आयबीएमच्या नॉर्मन औची यांना मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढण्याच्या पद्धतीचं पेटंट १९७८ मध्ये मिळालं होतं. डेटाचे तुकडे करून अनेक डिस्कवर वाटायची कल्पना प्रिन्स्टनच्या केनेथ सेलम आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९८६ मध्ये मांडली होती. बर्कलीच्या तिघांनी काय केलं, तर सगळ्या पद्धतींना एका ओळीत बसवून १ ते ५ नंबर दिले, प्रत्येकीचा हिशेब मांडला आणि एक झकास नाव ठेवलं: रिडंडंट अ‍ॅरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स. महागड्या कपाटालाही त्यांनी नाव ठेवलं, स्लेड, म्हणजे सिंगल लार्ज एक्स्पेन्सिव्ह डिस्क. डिसेंबर १९८७ मध्ये हा विद्यापीठाचा अहवाल म्हणून आला आणि १९८८ मध्ये शिकागोच्या सिगमॉड परिषदेत निबंध म्हणून. (शून्य नंबर नंतर चिकटला. त्यात जादा डिस्कच नसते, त्यामुळे एक मेली की सगळं खलास. त्याला रेड म्हणणं म्हणजे मीठ न घातलेल्या पाण्याला सरबत म्हणणं.)

मग त्यांनी स्वतः एक बांधून पाहिली. सनचं एक वर्कस्टेशन, २८ डिस्क, नाव रेड-१. आणि निघालं काय? एकटी डिस्क सेकंदाला १.३ एमबी देत होती आणि ही २८ जणींची फौज प्रोग्रामच्या हातात जेमतेम २.३ एमबी ठेवत होती. डिस्क दमल्या नव्हत्या, सनची मेमरी इकडचा डेटा तिकडे हलवताना दमत होती. मला हा भाग फार आवडतो. इतका सुंदर कागदी हिशेब, आणि प्रत्यक्षात गाडी भलत्याच चौकात अडकली. पुढच्या रेड-२ मध्ये त्यांनी डेटाला मेमरी टाळून जाणारा वेगळा रस्ताच बांधला.

बाजाराने ही कल्पना लगेच उचलली, पण एक शब्द त्याला टोचला. लाखो डॉलरची पेटी विकायची आणि नावात 'इनएक्स्पेन्सिव्ह'? गिऱ्हाईक विचारेल ना! म्हणून 'आय'चा अर्थ हळूच 'इंडिपेंडंट' झाला. नाव तेच, स्वस्तपणा गायब. मार्केटिंगवाल्यांना मानलं पाहिजे.

नव्वदच्या दशकात हे सगळं एका कार्डात मावायला लागलं. कारण होतं रेड ५ चं एक दुखणं. एक छोटासा बदल लिहायचा तरी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका कामाला चार फेऱ्या. हे ओझं मुख्य प्रोसेसरवर नको म्हणून कार्डावर वेगळा प्रोसेसर आणि वेगळी मेमरी आली. मायलेक्सच्या डीएसी९६० कार्डाच्या नावातले ९६० म्हणजे त्यावरचा इंटेलचा आय९६० प्रोसेसर. आणि मेगारेड कोणाचं? अमेरिकन मेगाट्रेंड्सचं. तीच एएमआय, जिचं नाव जुना पीसी चालू करताना काळ्या पडद्यावर पहिल्यांदा दिसायचं. एस. शंकर यांनी १९८५ मध्ये जॉर्जिया राज्यात सुरू केलेली कंपनी. २००१ मध्ये तिचा रेडचा धंदा एलएसआय लॉजिकने घेतला, २०१४ मध्ये एलएसआयला अव्हागोने घेतलं आणि २०१६ मध्ये अव्हागोने ब्रॉडकॉम हे नाव लावलं. इतक्या सासऱ्या बदलूनही मेगारेड हे माहेरचं नाव टिकून आहे. सगळं काही कार्डावरच गेलं असंही नाही. हेच काम नुसत्या सॉफ्टवेअरने करणाऱ्या व्हेरिटासचं मोठं केंद्र आमच्या पुण्यातच होतं.

कार्ड मात्र एक सोयीस्कर खोटं बोलतं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते "हे लिही", कार्ड ते आपल्या मेमरीत घेतं आणि लगेच सांगतं "लिहिलं". डिस्कवर अजून काहीच गेलेलं नसतं. याला राइट-बॅक म्हणतात. तेवढ्यात लाइट गेली तर? म्हणून कार्डाला एक छोटी बॅटरी असते, ती त्या मेमरीला वीज परत येईपर्यंत धरून ठेवते. नव्या कार्डांत बॅटरीऐवजी फ्लॅश आणि कपॅसिटर असतात. बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते, कार्ड शहाण्यासारखं राइट-थ्रूवर येतं, सर्व्हर मंदावतो, लोक ओरडतात. मग कोणीतरी मेनूत जाऊन 'बॅटरी नसली तरी राइट-बॅक' हा पर्याय चालू करून टाकतो. वेग परत येतो, साहेब खूश. ज्या गावात गुरुवारी लाइट जाते तिथे हे करणं म्हणजे हेल्मेट डिकीत ठेवून घाट चढणं.

आता त्या जुन्या निबंधातल्या एका आकड्याकडे येतो. शंभर डिस्कचे दहा-दहाचे गट करा, प्रत्येक गटाला एक पॅरिटीची डिस्क द्या. एकूण ११०. डेटा जायला एकाच गटातल्या दोन डिस्क मराव्या लागतील, तेही पहिली दुरुस्त व्हायच्या आत. हिशेब येतो सुमारे ८,२०,००० तासांचा, म्हणजे ९० वर्षांहून जास्त. पंधरवड्यावरून नव्वद वर्षांवर! पण यात दुरुस्तीचा वेळ धरलाय एक तास. तो एका तासाऐवजी चार दिवस करून बघा. मी करून बघितलं: नव्वद वर्षांचं एक वर्षसुद्धा उरत नाही.

हा चार दिवसांचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. मागे एका कारखान्याच्या ऑफिसात गेलो होतो. चार डिस्कची रेड ५, एक डिस्क मेलेली. कार्डाचा बझर वाजत होता, त्याची कटकट होते म्हणून कोणीतरी तो मेनूतून बंद केला होता. लॉगमध्ये बघितलं तर डिस्क जाऊन अकरा दिवस झाले होते. नवी डिस्क घातली, रीबिल्ड सुरू झालं, आणि एकतीस टक्क्यांवर दुसरी डिस्क गेली. रीबिल्ड करताना उरलेल्या डिस्कवरचा प्रत्येक कोपरा वाचावा लागतो, आणि वर्षानुवर्षं कोणी न वाचलेला खराब भाग नेमका तेव्हाच समोर येतो. बॅकअप सहा आठवड्यांपूर्वीचा. "पण रेड आहे ना?" असं तिथले अकाउंटंट मला तीनदा विचारत होते. रेडने डिस्क मेली तरी काम चालू राहतं. चुकून डिलीट झालेली फाइल किंवा व्हायरसने खाल्लेला डेटाबेस ती तितक्याच निष्ठेने सगळ्या डिस्कवर लिहिते. पुढचे तीन आठवडे दोन माणसं कागदी चलनं समोर घेऊन सहा आठवड्यांची बिलं परत टाइप करत होती. त्यांचा यात काडीचा दोष नव्हता.

बरं, काळही आता आपल्या बाजूने नाही. १०० एमबीची सीपी ३१०० सेकंदाला एक एमबी या वेगाने पूर्ण भरायला शंभर सेकंद लागायचे. आजची २० टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीने भरली तरी सत्तावीस तास जातात, तेही सर्व्हरने दुसरं काही न करता. जागा दोन लाख पट वाढली, वेग दोनशे पट. म्हणूनच मोठ्या डिस्कवर आता दोन पॅरिटीवालं रेड ६ लावतात.

आणि ज्या गार्थ गिब्सनने विद्यार्थी असताना हा हिशेब मांडला, त्यानेच २००७ मध्ये बियांका श्रोडर यांच्याबरोबर सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्या दहा लाख तास आयुष्य छापत होत्या, म्हणजे वर्षाला टक्काभरही डिस्क बदलाव्या लागू नयेत. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के सर्रास, काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, डिस्क एकमेकींशी संबंध न ठेवता मरतात हे जे १९८८ च्या हिशेबात गृहीत होतं, तेही नोंदींत टिकलं नाही. एकीपाठोपाठ दुसरी जाण्याची शक्यता त्या हिशेबापेक्षा जास्त निघाली. मार्केटिंगवाल्यांनी घुसवलेला 'इंडिपेंडंट'ही गेला म्हणायचा :-)

त्या कारखान्यात नंतर नवीन सर्व्हर बसवला. सहा डिस्क, रेड ६, शिवाय एक हॉट स्पेअर. दर आठवड्याला पॅट्रोल रीड, म्हणजे न वाचलेले कोपरे आधीच वाचून घेणं. बझर चालू, आणि ईमेल माझ्यासकट तिघांना. डिस्क घेताना सप्लायरला दोन वेगळ्या लॉटमधल्या द्या म्हटलं, तर तो म्हणाला, "साहेब, आजवर असं कोणी मागितलं नाही." मग गोडाउनमध्ये जाऊन आम्ही दोघांनी खोक्यांवरच्या तारखा वाचून वेगळ्या काढल्या. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या इमारतीत जातो, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी तेच अकाउंटंट त्यातली एक फाइल परत उघडून बघतात.