रोपाचे वय आणि रोपाची हवा

बंगळुरात जे. पी. नगरमध्ये हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्या ओळीने मांडलेल्या दिसल्या की मराठी माणूस तुळस आहे का ते आधी पाहतो. मग कढीपत्ता, मोगरा, जमले तर एखादे आंब्याचे कलम. तिथून थोडे उत्तरेला लालबागेचे काचघर आहे. त्याची पायाभरणी 30 नोव्हेंबर 1889 रोजी राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते झाली. उद्यानविद्येच्या वाटेवर नव्याने येणाऱ्याने या दोन्ही जागा एकाच दिवशी पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो. हरितगृह आणि रोपवाटिका हे शब्द आपण सर्रास अदलाबदलीने वापरतो. खरे तर पहिला शब्द हवेविषयी आहे, दुसरा वयाविषयी.

हरितगृह म्हणजे झाडासाठी राखलेले हवामान. थंड मुलुखात काचेतून ऊन आत येते, तापलेली हवा बाहेर निसटत नाही, आणि हिवाळ्यातही झाड तगते. आपल्याकडे अडचण उलटी. लालबागेच्या काचघराला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा नमुना समोर होता, पण बंगळुरात थंडीपासून वाचवायचे तरी काय? आज ते मुख्यतः पुष्पप्रदर्शनांनी गजबजते. मावळात तळेगावच्या बाजूला गुलाबाची पॉलिहाऊस पाहा: वर 200 मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, छताशी हवा जायला खिडकी. तिथे झडीचा पाऊस बाहेर ठेवायचा असतो आणि कोंडलेली उष्णता बाहेर काढायची असते. गुलाब तिथेच लागतो आणि वर्षानुवर्षे तिथेच फुलतो.

रोपवाटिकेत कोणी कायमचे राहत नाही. बी रुजवणे, छाट लावणे, गुटी बांधणे, डोळा भरणे ही तिथली कामे वडाच्या सावलीतही होतात, छप्पर लागतेच असे नाही. लागते ती खात्रीची मातृवृक्षांची बाग. आंब्याचे कलम चुकीच्या झाडाचे निघाले तर ते कळायला चार-पाच वर्षे जातात, आणि तेवढ्यात शेतकऱ्याची उमेद खर्ची पडलेली असते. म्हणूनच महाराष्ट्राने 1969 साली फळरोपवाटिकांसाठी परवान्याचा कायदा केला, तो मला फार मोलाचा वाटतो.

गोंधळ होतो, कारण दोन्ही एकाच जाळीखाली नांदतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतही भाजीची रोपे शेडनेटमध्येच तयार होतात. टोमॅटोचे रोप तिथे साधारण महिनाभर असते. शेवटचे काही दिवस मात्र पाणी कमी करून, ऊन दाखवून त्याला काटक करावे लागते. जाळीतून थेट गच्चीवर आणलेले रोप दोन दुपारींत माना टाकते, हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा रोप घेताना किमतीआधी विचारा: हे उन्हात किती दिवस होते?