को-ऑप घराची खरी किंमत

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स ही तशी शांत वस्ती आहे. तिथला 1920च्या दशकातला एखादा फ्लॅट विक्रीला निघतो, तेव्हा कायद्याने विकले जातात ते एका कंपनीचे शेअर. इमारत, जमीन, जिने, बॉयलर, आतली बाग, सारे कंपनीच्या नावावर असते. शेअर घेणाऱ्याला ठराविक फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. म्हणजे तो आपल्याच कंपनीचा भाडेकरू होतो. मुंबई-पुण्याच्या सोसायटीतल्या सभासदाला यात फारसे नवल वाटणार नाही. फरक सुरू होतो तो कर्जापाशी.

अशा को-ऑप, म्हणजे सहकारी, कंपनीने बहुधा संपूर्ण इमारत गहाण ठेवून कर्ज काढलेले असते. त्याचे हप्ते, मालमत्ता कर, इंधन आणि नोकरांचे पगार मिळून मासिक मेंटेनन्स ठरतो. समजा, कंपनीचे एकूण शेअर 40,000 आहेत आणि एका फ्लॅटच्या वाट्याला 400, म्हणजे एक टक्का. इमारतीवरचे कर्ज 50 लाख डॉलर असेल, तर त्या फ्लॅटमागे 50,000 डॉलरचे ओझे आहे. आता मागितलेली किंमत 4,50,000 डॉलर असली तरी खरी किंमत पाच लाख. शेजारच्या कर्जमुक्त इमारतीतला तसाच फ्लॅट 4,80,000ला मिळत असेल, तर तो 20,000 डॉलरने स्वस्त आहे. जाहिरातीत लाकडी फरशीला जागा मिळते, या हिशेबाला मिळत नाही.

कर्ज सामाईक असले की ते फेडण्याची जबाबदारीही एकत्रित असते, आणि तिचा धोका वस्तीने एकदा भोगलेला आहे. एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने 1909 पासून इथल्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. 1917मध्ये उन्नत रेल्वे आली आणि मॅनहॅटन आवाक्यात आले. भोवती इमारती आणि मधोमध सामाईक बाग, अशी रचना इथे रुजली; अँड्र्यू थॉमस या वास्तुकाराच्या ‘शॅटो’ आणि ‘टॉवर्स’ या संकुलांत ती आजही पाहता येते. घरे को-ऑप पद्धतीने विकली गेली. त्या वेळी मजल्यावरच्या फ्लॅटची स्वतंत्र मालकी देणारा कायदाच नव्हता. न्यू यॉर्क राज्यात तो 1964मध्ये झाला. मग महामंदी आली. काही भागधारकांचा मेंटेनन्स थकला की तो बोजा उरलेल्यांवर पडे, आणि तेही थकले की इमारत कर्ज देणाऱ्याच्या घशात जाई. 1930च्या दशकात शहरातल्या अनेक को-ऑप कंपन्या अशाच बुडाल्या.

आजच्या संचालक मंडळाची चिकित्सा समजून घ्यायची तर हे ध्यानात ठेवावे लागते. खरेदीदाराचे उत्पन्न, बचत, कर्जे, शिफारसपत्रे तपासून मंडळ प्रत्यक्ष मुलाखत घेते आणि कारण न सांगता नकार देण्याची प्रथा आहे. शेजाऱ्याची थकबाकी आपल्या अंगावर येणार असेल, तर ही सावधगिरी रास्तच म्हणावी. पण तिचे दुसरे मूळ तितके निर्मळ नाही. सुरुवातीच्या दशकांत जॅक्सन हाइट्समध्ये ज्यू आणि कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. आज धर्म, वंश वा मूळ देशावरून नकार देणे बेकायदा आहे. तरी कारणच सांगायचे नसेल तर भेदभाव सिद्ध करणे अवघड. ज्या वस्तीच्या 74व्या रस्त्यावर आज भारतीय दुकानांची रांग आहे, तिथे ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. महाराष्ट्राचा 1960चा सहकारी संस्था कायदा या बाबतीत उजवा वाटतो: पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते.

राहिले इमारतीचे वय. जाड भिंती, उंच छत, प्रशस्त दालन हे गुण खरे आहेत आणि आवाज कमी येतो हेही खरे. पण जुन्या घरांत बहुधा वाफेचे रेडिएटर असतात. उष्णता सगळ्या इमारतीला एका बॉयलरमधून मिळते, त्यामुळे ऐन हिवाळ्यात उकडून खिडक्या उघडणारे लोक इथे दिसतात. त्या उधळपट्टीचे बिल सगळे मिळून भरतात. वस्तीचा मोठा भाग 1993पासून संरक्षित वारसा क्षेत्र आहे, म्हणून खिडकी बदलायलाही परवानगी लागते. त्यात शहराच्या 2019च्या लोकल लॉ 97ने 25,000 चौरस फुटांपेक्षा मोठ्या बहुतेक इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर 2024पासून मर्यादा आणली. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनाला 268 डॉलर दंड आहे. तो दंड कंपनीला होतो, म्हणजे पर्यायाने शेअरच्या प्रमाणात प्रत्येकाला. बॉयलर बदलायचा तर पैसा राखीव निधीतून येणार, नव्या कर्जातून की जादा वर्गणीतून, याची चर्चा मंडळाच्या सभांच्या इतिवृत्तांत असते. घर दाखवणारा दलाल ती वही पुढे करत नाही. खरेदीदाराच्या वकिलाने ती मागून वाचायची असते, आणि तीही बयाणा देण्याआधी.