कोको आणि बदाम : एका नामसादृश्याचा इतिहास

काळ्या, कडसर चॉकलेटच्या वडीत भाजलेला बदाम घालण्याची रीत आज इतकी रूढ झाली आहे की, तिलाही काही इतिहास असेल ही शंका सहसा कोणास येत नाही. ही जोडी अर्वाचीन कारखानदारांच्या कल्पकतेतून जन्मली, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो दोन अर्थांनी चुकीचा आहे. पाककृती म्हणून ती किमान सतराव्या शतकाइतकी जुनी आहे. आणि त्याहीपूर्वी हे दोन पदार्थ एकत्र आले ते भांड्यात नव्हे, तर शब्दात.

१५०२ साली, आपल्या चौथ्या सफरीत, कोलंबसाची ग्वानाहा बेटाजवळ स्थानिक व्यापाऱ्यांच्या एका मोठ्या होडीशी गाठ पडली. त्याचा पुत्र फर्नांडो याने लिहिलेले चरित्र १५७१ मध्ये व्हेनिस येथे इटालियन भाषांतरात प्रसिद्ध झाले. त्यात या होडीतील मालाचे वर्णन करताना एका प्रकारच्या ‘बदामां’चा उल्लेख येतो. त्यांतील काही खाली सांडताच होडीतील माणसे लगबगीने वाकून ते वेचू लागली, असे तो नमूद करतो. हे बदाम म्हणजे अर्थातच कोकोच्या बिया होत. पुढे १५२० च्या पत्रात कोर्तेझही कोको हे बदामासारखे फळ असून सर्व मुलखात नाण्याप्रमाणे चालते, असे आपल्या राजास कळवितो. खरा बदाम त्या भूमीत मुळी नव्हताच. तो स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून गेला. म्हणून सोळाव्या शतकातील अमेरिकाविषयक कागदपत्रांत ‘बदाम’ हा शब्द आढळल्यास संशोधकाने जपून पाऊल टाकावे. तेथे कोणते बी अभिप्रेत आहे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

अपरिचितास परिचिताचे नाव देण्याची ही प्रवृत्ती एकट्या युरोपीयांची नव्हे. नाहुआ भाषिकांनी शेंगदाण्यास ‘त्लालकाकाहुआत्ल’, म्हणजे ‘भुईतला कोको’, म्हटले. स्पॅनिशमधील ‘काकाहुआते’ व फ्रेंचमधील ‘काकाउएत’ ही त्याचीच रूपे. आपण त्याच शेंगेस ‘भुईमूग’ म्हणतो. दोन्हीकडे भुई तीच, बदलले ते केवळ घरचे ओळखीचे बी. फारसीतून आलेला आपला ‘बदाम’ शब्दही असाच पसरला. कोकणात अंगणोअंगणी दिसणाऱ्या ज्या झाडास आपण देशी बदाम म्हणतो, त्याचा खऱ्या बदामाशी वानस्पतिक संबंध नाही.

नाण्याच्या बाबतीत तर एक साम्य विलक्षण आहे. सतराव्या शतकात इराणातून येणारे कडू बदाम गुजरातेत सुट्या नाण्यांसारखे चालत, अशी साक्ष फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने दिली आहे. ते इतके कडू की ते कोणी खाऊन टाकील अशी भीती नसे. मेक्सिकोतील चलन मात्र श्रीमंत लोक खुशाल दळून पीत असत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी या विरोधाचा विचार करण्यासारखा आहे.

आता पाककृतीकडे वळू. अँडालुसियातील वैद्य अंतोनिओ कोल्मेनेरो द लेदेस्मा याने १६३१ मध्ये माद्रिद येथे चॉकलेटवर एक छोटा ग्रंथ छापला; १६४० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. त्याच्या कृतीत शंभर कोको-बियांस दोन मिरच्या, दालचिनी, अर्धा पौंड पांढरी साखर, रंगापुरते शेंदरीचे बी आणि बदाम व हेझलनट प्रत्येकी डझनभर घेण्यास सांगितले आहे. मेक्सिकोतील एक सुगंधी फूल न मिळाल्यास गुलाब चालतील, असेही तो सुचवितो. हे प्रमाण केवळ रुचीसाठी नव्हते. कोकोची प्रकृती मूलतः थंड व कोरडी मानून त्यास उष्ण द्रव्यांची जोड देणे हा त्या वैद्यकाचा विचार होता. शीत-उष्णाच्या भाषेत वाढलेल्या आपल्या वाचकास तो परका वाटू नये. ज्याचे नाव कोकोने काही काळ वागविले, तो बदाम येथे कोकोच्या शेजारी स्वतःच्या नावाने उभा राहिला.

तथापि हा बदाम दळलेला होता, कारण चॉकलेट हे तेव्हा मुख्यतः पेयच होते. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय मंडळींनी साच्यात ओतलेली खाण्याची वडी बनविली. बदाम अख्खा राहू शकेल असा घन पदार्थ त्यानंतरच घरोघरी पोहोचू लागला. आजचा आस्वाद त्या अख्खेपणातच आहे. कोकोतील स्निग्धांश सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे तोंडातील उष्णतेनेच, वितळतो. बदामाचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असले, तरी तो वितळत नाही. त्यास चावावे लागते. कडवटपणा ओसरत असताना दाताखाली तो मंद गोडवा सापडतो. शिवाय भाजताना दोहोंतही एकाच कुळातील सुगंधी द्रव्ये निर्माण होतात. त्यामुळे जिभेस हे दोघे परके वाटत नाहीत.

मेक्सिकोतील वाहाका शहरात आजही गिरणीवर कोको, दालचिनी, साखर व बदाम एकत्र दळून घेतात. तेथील चॉकलेट अजून प्यायचेच आहे, आणि बदाम त्यात डोळ्यांस दिसत नाही.