चाल

पंधरा ऑगस्टची सकाळ. धारवाडचा सुभाष रोड अजून पुरता जागा झालेला नाही. दुकानांची शटरं खाली आहेत आणि वरून धारवाडी रिपरिप चालू आहे. छत्री उघडावी इतकी ती जोरात नाही, आणि मिटावी म्हटलं तर थांबतही नाही. तुम्ही एका दुकानाच्या पायरीवर आडोशाला उभे राहता. कोपऱ्यावरून एका शाळेची प्रभातफेरी वळते. पुढे बासऱ्या, साइड ड्रम, मोठा ढोल आणि एकच ट्रम्पेट. त्यामागे दोन मुलांनी दोन बांबूंवर नेताजींची तसबीर उचलली आहे, एक मुलगा पुढे, एक मागे. सर ओरडतात, "डावा, उजवा! पाऊल जुळवा!" पावलं जुळतात आणि तसबीर पाळण्यासारखी हिंदकळू लागते.

ट्रम्पेटवाला मुलगा क्षणभर थांबतो, नळीखालची छोटी कळ दाबतो आणि आत साचलेलं पाणी फुंकून काढतो. मग पुन्हा ओठांना लावतो. चाल तुमच्या ओळखीची आहे, 'कदम कदम बढाए जा'. तिच्या मागोमाग निघा. पाऊस वाढू द्या.

आता तो रिपरिप राहिलेला नाही, बादल्या उपडी केल्यासारखा कोसळतो आहे. ११ डिसेंबर १९४१, दुपार कलली आहे. मलायातलं आसुन, जित्राच्या उत्तरेला काही मैलांवर. रबराचे मळे, मधून जाणारा एक रस्ता, एक ओढा, त्यावर पूल. तुम्ही पहिल्या गुरखा रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीतले बँडवाले आहात. याच पलटणीच्या बँडचा रामसिंग ठाकुरी, वय सत्तावीस. हिमाचलातल्या धर्मशालेजवळ जन्मलेला, चौदाव्या वर्षी बँडात भरती झालेला. या घटकेला तो कुठे आहे, तुम्हाला ठाऊक नाही. या पावसात दहा हातांवरचा माणूस दिसत नाही.

तुमच्या हातात वाद्य नाही. लढाई लागली की बँडवाल्याने वाद्य ठेवायचं आणि स्ट्रेचर उचलायचं, हा पलटणींचा जुना रिवाज. आणि स्ट्रेचरचा पहिलाच धडा तुमच्या आजवरच्या शिकवणीच्या उलटा आहे. पाऊल जुळवायचं नाही. पुढच्याने डावा टाकला की मागच्याने उजवा टाकायचा. दोघांची पावलं एकत्र पडली तर कापड झोके घेतं आणि वरचा जखमी कळवळतो. पोरवयापासून पाऊल जुळवत आलेल्या माणसाला ते मोडायला शिकायला किती दिवस लागत असतील, याचा विचार करा. तालाची सवय पायांतून काढून टाकणं म्हणजे गवयाला मुद्दाम बेसूर गायला लावणंच.

तीन दिवसांपूर्वी, ८ डिसेंबरच्या मध्यरात्री, जपानी फौजा कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरल्या. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायला तेव्हा तासभर अवकाश होता. काल दोन मोठ्या ब्रिटिश युद्धनौका बुडाल्या. पण इथे, या मळ्यात, असा समज आहे की एवढ्या पावसात कोण येणार? रस्त्याने वर चौदाव्या पंजाबची पहिली पलटण माघार घेत येते आहे. पावसापायी काही जण झाडांखाली आडोशाला गेलेत.

तुमचा कान तयार आहे, म्हणून तुम्हाला आधी ऐकू येतं. रबराच्या पानांवरच्या तडतडीच्या खाली एक स्वर आहे. खर्जातला, एकाच जागी धरून ठेवलेला. तो पायांतून वर चढतो. आजूबाजूच्या कित्येकांनी आयुष्यात रणगाडा पाहिलेला नाही. अख्ख्या मलायात ब्रिटिशांकडे एकही नाही. पहिला दिसतो तो शत्रूचाच, भरधाव, पंजाबी पलटणीला मधोमध चिरत आलेला.

शत्रू चाल करून येतो, गाण्याला चाल लागते, माणसाची चाल ओळखू येते. आपल्या भाषेत तिन्हींना एकच शब्द आहे. त्या संध्याकाळी तो एकाच अर्थाने ऐकू आला.

पुलाखाली सुरुंग लावून ठेवलेला आहे. तो उडतच नाही. रणगाडाविरोधी रायफल घेतलेल्या एका गुरख्याच्या गोळ्यांनी पहिला रणगाडा पुलाशी अडतो आणि मागचे खोळंबतात. थोडी उसंत मिळते. मग अंधार पडतो आणि जपानी शिपाई ओढा उतरून दोन्ही बाजूंनी मळ्यात शिरतात. तुम्ही दांड्यांचं मागचं टोक उचलता. लाकूड भिजून निसरडं झालंय. ज्या बोटांच्या टोकांना वाद्याच्या कळांची सवय, ती आता मुठी वळून आखडलीत. पुढचा डावा, तुमचा उजवा. चिखल, मुळं, पुन्हा चिखल. वर झोपलेला माणूस विव्हळत होता, आता गप्प आहे. थांबून बघायला वेळ नाही, आणि तुम्हाला बघायचंही नाही.

पुढचं भराभर ओलांडू. दोन दिवसांत जित्रा पडलं. चिरल्या गेलेल्या त्याच पंजाबी पलटणीतला एक कॅप्टन, मोहनसिंग, जंगलात काही दिवस भटकून जपान्यांच्या हाती लागला आणि आझाद हिंद सेनेचा पहिला सेनापती झाला. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस-पंचेचाळीस हजार हिंदी सैनिक ओळीने उभे केले गेले. ज्या साम्राज्यासाठी ते लढले, त्याने त्यांना एका भाषणात दुसऱ्याच्या हवाली केलं. पुढे आझाद हिंद सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसलेही होते. युद्धकैदी झालेला रामसिंगही तिच्यात गेला, आणि त्याच्या हातात पुन्हा वाद्य आलं.

जुलै १९४३. सुभाषबाबू सिंगापुरात आलेत. स्वागताला रामसिंगने बसवलेलं गाणं होतं, आणि नेताजींनी त्याला व्हायोलिन भेट दिलं. पुढे त्याने बँडवर बसवलेलं 'शुभ सुख चैन' आझाद हिंदच्या हंगामी सरकारचं राष्ट्रगीत झालं. 'कदम कदम'ची चालही त्याचीच, आजही आपल्या लष्करात संचलनाला वाजते. ती ऐकताना पाय आपोआप जुळतात. मला मनापासून वाटतं की जित्राहून माघारी फिरलेल्या पलटणीच्या बँडवाल्यालाच अशी चाल सुचावी. आठवणी आपण पुस्तकात शोधतो. धारवाडच्या त्याच सुभाष रोडवर, मनोहर ग्रंथमाला या प्रकाशनसंस्थेच्या माळ्यावर, पुस्तकांवर किती पिढ्या बोलत बसल्या. पण बँडवाल्याच्या आठवणी शोधायच्या तर कागदाच्या आधी पायांना विचारावं. विखुरलेल्या माणसांना पुन्हा एका पावलावर आणायची तहान त्या ठेक्यात आहे.

रामसिंगचा वाढदिवस १५ ऑगस्ट. १९४७ साली त्याच सुमाराला लाल किल्ल्यावर त्याचा वाद्यवृंद वाजला. पुढे लखनौला सशस्त्र पोलिसांचा बँड त्याने घडवला, म्हातारपणीही ते व्हायोलिन हाताशी ठेवलं. २००२ च्या एप्रिलमध्ये तो गेला.

डोळे उघडा. सुभाष रोड. बँड पुढे निघून गेलाय, ढोल तेवढा ऐकू येतो. तसबीरवाली दोन मुलं मागे पडलीत, सरांचा आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पुढच्याचा डावा पडतो, मागच्याचा उजवा. बांबू ओले आहेत, मुलांनी ते घट्ट धरलेत. तसबीर हलत नाही.