रतनवाडी ते हरिश्चंद्रगड : तीन दिवसांची वाट आणि हजार वर्षांचे पुरावे

सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येकाने एक कथा कधी ना कधी ऐकलेली असते. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरे बांधली. रतनवाडीचा अमृतेश्वर त्यांपैकी एक, हरिश्चंद्रेश्वर दुसरा, खिरेश्वरचा नागेश्वर तिसरा. कथा सुंदर आहे. ती कितपत टिकते, हे पाहण्यासाठी या धाग्यात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातून जाणारी एक जुनी डोंगरवाट धरली आहे : रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड. धडधाकट माणसाला तीन दिवस लागतात. सोबत स्थानिक वाटाड्या नसेल, तर किती लागतील याचा भरवसा नाही.

आरंभ रतनवाडीचा. भंडारदरा जलाशयाच्या टोकाला हे लहानसे गाव आहे आणि त्यात गावाच्या मानाने फार मोठ्या तोलामोलाचे मंदिर. अमृतेश्वराचे शिखर भूमिज शैलीचे आहे. म्हणजे चारही बाजूंना मधोमध वरपर्यंत चढत गेलेले नक्षीदार उभे पट्टे आणि त्यांच्या दरम्यान शिखराच्याच छोट्या प्रतिकृतींच्या ओळी. अंबरनाथचे मंदिर व सिन्नरचे गोंदेश्वर याच कुळातले. अंबरनाथच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष मिळते. झंझ राजाचा काळ दहाव्या शतकाचा आरंभ. अरब प्रवासी अल् मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर, म्हणजे आजच्या चौल येथे आला, तेव्हा तेथे झंझाची सत्ता असल्याचे त्याने नोंदवले आहे. शैलीचा विचार केला, तर रतनवाडीचे मंदिर झंझापेक्षा अंबरनाथला जवळचे दिसते. दोहोंमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर पडते.

मग कथा आली कोठून? तिचे मूळ खोटे नाही. नंतरच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत, वंशावळ सांगताना, झंझाने स्वतःच्या नावाची बारा शिवालये बांधल्याचा उल्लेख येतो. पण ती कोठे होती, कोणत्या नद्यांच्या काठी होती, याची यादी ताम्रपट देत नाहीत. ती यादी पुढील लोकांनी घाटमाथ्यावरची जुनी मंदिरे मोजत मोजत भरली. शिवाय उत्तर कोकणचे शिलाहार प्रामुख्याने घाटाखालचे राज्यकर्ते. त्यांनी घाटावर येऊन इतकी मंदिरे उभारली असे म्हणायचे, तर त्याला स्वतंत्र पुरावा हवा. एका खऱ्या ओळीभोवती किती मोठी इमारत उभी राहू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ताम्रपटातील वाक्य आणि गावातील यादी यांच्यामधली फट नेहमी दिसत ठेवावी.

नद्यांचा भाग मात्र खरा आहे. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. ती खाली संगमनेर, जोर्वे, दायमाबाद, नेवासे अशी वाहत गोदावरीला मिळते. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. दायमाबादला १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. म्हणजे या नदीकाठी मंदिरे उभी राहण्याच्या दोन हजार वर्षे आधीपासून माणूस शेती करीत होता. ब्रिटिशांनी १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याचे धरण बांधले ते याच नदीवर. पाणी अडले डोंगरात आणि ऊस पिकला खाली, सपाटीवर. वरच्या आदिवासी गावांच्या वाट्याला काय आले, हा वेगळा आणि लांबलचक विषय आहे.

रतनगडाची चढण, शिड्या, गणेश दरवाजा, माथ्यावरचे नेढे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे थांबण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवसाची वाट अधिक बोलकी आहे. रतनगडाच्या त्र्यंबक दरवाजाकडे न वळता दाट जंगलातून कात्राबाईच्या खिंडीकडे चढावे लागते. खिंडीत कात्राबाईचे ठाणे आहे. येणारा-जाणारा हात जोडतो आणि पलीकडे कुमशेतच्या बाजूला उतरतो. डावीकडे-उजवीकडे फुटणाऱ्या ढोरवाटा इतक्या आहेत, की नकाशा असूनही माणूस हमखास चुकतो. ही वाट ज्यांची आहे ते महादेव कोळी. त्यांचा इतिहास समजल्याशिवाय ही तीन दिवसांची चाल केवळ पायांचा व्यायाम ठरेल.

मराठेशाहीत या भागातील किल्ल्यांच्या शिबंदीत आणि घाटांच्या राखणीत महादेव कोळ्यांना मोठे स्थान होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. किल्ल्यांची गरज संपली, शिबंदी मोडली आणि घाट राखणाऱ्यांचे हक्क आटले. त्यावर सावकाराच्या कर्जाचा बोजा आला. १८२८ ते १८३० या काळात रामजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. पुढे त्यांचे पुत्र, अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे, यांनी १८४० च्या दशकात पुन्हा शस्त्र उचलले. सावकारांच्या घरांवर छापे पडत, कर्जाची कागदपत्रे हे त्यांचे पहिले लक्ष्य असे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी देण्यात आले.

याच काळाचा आणखी एक धागा येथे जोडावा लागेल. कोळ्यांचे बंड मोडण्याच्या मोहिमेत असलेला कॅप्टन मॅकिंटॉश याने पुढे १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांविषयी दीर्घ वृत्तान्त लिहिला. त्यांची कुळे, चालीरीती, देवदेवता, वस्तीची ठिकाणे असे सारे त्यात येते. आजचे अभ्यासक तो आवर्जून वापरतात आणि वापरलाही पाहिजे. परंतु तो कोणी, कोणत्या नोकरीत असताना आणि कशासाठी लिहिला हे विसरून चालत नाही. ज्या माणसांना पकडायचे आहे, त्यांच्या वाटा माहीत असाव्या लागतात. इंग्रजांनी सह्याद्रीचे ज्ञान जमवले, त्याला ही कडा आहे.

येथे पेरूतील एका प्रसिद्ध वाटेशी तुलना करण्याचा मोह होतो आणि ती काही अंशी उपयोगी आहे. इंका लोकांचे माचू पिच्चू पाहण्यासाठी जगभरचे तरुण सुमारे चार दिवस अँडीज पर्वत तुडवतात. २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम हा अमेरिकी प्राध्यापक तेथे पोहोचला आणि ‘हरवलेल्या शहराचा शोध’ त्याच्या नावे लागला. प्रत्यक्षात त्याला वर नेले मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याने, पुढचा टप्पा एका लहान मुलाने दाखवला आणि माथ्यावरच्या जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात कुटुंबे राहत होती. भिंतीवर १९०२ सालची आगुस्तीन लिसारागा याची सही होतीच. आज त्या वाटेवर परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही आणि रोजच्या माणसांची संख्याही ठरलेली आहे. हरिश्चंद्रगडाला कोणी उत्साहाच्या भरात ‘महाराष्ट्राचे माचू पिच्चू’ म्हणतात. ते पटत नाही. माचू पिच्चू हे पंधराव्या शतकातील राजनगर आणि ते ओस पडले. हरिश्चंद्रगडावर पूजा कधी थांबलीच नाही. साम्य शोधायचेच, तर ते वाटाड्यांमध्ये शोधावे.

तिसऱ्या दिवशी पाचनईहून ओढ्याच्या कडेने चढत गेले, की पाषाणात कोरलेल्या आवारात हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर एकदम समोर येते. गडाची उंची सुमारे १,४२४ मीटर. मंदिराभोवती कातळात खोदलेल्या गुहा, पाण्याची टाकी आणि पूर्वेला सप्ततीर्थ पुष्करणी आहे. तिच्या एका काठावर ओळीने चौदा देवकोष्ठे आहेत. हा परिसर एकाच वेळी एकाच राजाने घडवला असे मानण्याचे कारण नाही. खोदकाम आणि बांधकाम यांची येथे सरमिसळ आहे, आणि ती पाहताना पिढ्यान्‌पिढ्यांचे काम जाणवते.

आणि येथेच दंतकथेच्या पलीकडचा लेखी पुरावाही हाती लागतो. मंदिराच्या परिसरात शिलालेख आहेत आणि चांगदेव वटेश्वरांच्या परंपरेशी या स्थानाचा संबंध जोडला जातो. त्यांचा ‘तत्त्वसार’ हा मराठी ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ मध्ये, याच हरिश्चंद्र पर्वतावर रचला गेला. लोककथेतील चांगदेव चौदाशे वर्षे जगतो आणि वाघावर बसून येतो. ग्रंथकार चांगदेव मात्र तिथी नोंदवतो, स्थळ सांगतो. या दोघांना एकमेकांत मिसळू न देणे बरे. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ ची, प्रवरेकाठच्या नेवाशाची. मंदिराजवळून वाहणारी मंगळगंगा खाली मुळा नदीला मिळते आणि मुळा नेवाशाच्या परिसरात प्रवरेला. बावीस वर्षांच्या अंतराने मराठीतील दोन तत्त्वग्रंथ एकाच जलप्रवाहाच्या दोन टोकांना लिहिले गेले. भूगोल आणि वाङ्मय इतके जवळ क्वचितच येतात.

केदारेश्वराच्या गुहेविषयीही एक गोष्ट सांगितली जाते. छातीभर गार पाण्यात मोठे शिवलिंग, भोवती चार खांब, त्यांतील एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगे. शेवटचा पडला की जगबुडी. तीन खांब तुटूनही छत कसे उभे, हा चमत्कार नव्हे. बांधलेल्या इमारतीत खांब आधी उभा राहतो आणि छत त्यावर टेकते. लेण्यात डोंगर आधीच असतो. कारागीर नको असलेला दगड काढतो आणि खांबाचा आकार शिल्लक ठेवतो. तेथे छत डोंगराच्या अंगानेच तोललेले असते. खांब त्याला मदत करतो, पण सारा भार वाहत नाही. खरी काळजी युगांताची नसून पाण्याने झिजणाऱ्या कातळाची आणि गुहेत फेकल्या जाणाऱ्या प्लास्टिकची आहे.

आता कोकणकडा. अर्धवर्तुळाकार, आत वळलेला, कोकणाकडे तोंड करून उभा. येथे दिसणाऱ्या ‘इंद्रवज्रा’ची कथा सर्वत्र एकाच साच्यात सांगितली जाते : १८३५ मध्ये कर्नल साईक्सने ते येथे पाहिले. तारखेकडे नीट पाहावे. विल्यम साईक्स याची एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये मुंबई सरकारच्या सांख्यिकी कामासाठी नेमणूक केली. दख्खनभर फिरून त्याने हवामान, पशुपक्षी, लोकवस्ती यांच्या नोंदी केल्या आणि १८३१ मध्ये तो युरोपला परतला. १८३५ हे त्याचा दख्खनच्या हवामानावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापल्याचे वर्ष. त्या वर्षी तो कोकणकड्यावर असूच शकत नव्हता. छपाईची तारीख घटनेची तारीख होऊन बसली आणि आता ती फलकांपासून चित्रफितींपर्यंत सर्वत्र आहे.

त्या निबंधातील वर्णन मात्र वाचण्याजोगे आहे. दरीतून वर आलेल्या धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटले आणि त्याच्या मध्यभागी साईक्सची स्वतःची, त्याच्या घोड्याची व बरोबरच्या माणसांची सावली दिसली. सूर्य पाठीशी आणि धुके समोर असले, की असे घडते. बरोबरच्या माणसांना त्या आकृती आपल्याच आहेत हे पटेना. म्हणून त्यांनी हातपाय हलवले, अंग वेडेवाकडे करून पाहिले आणि वर्तुळातील आकृत्याही तशाच हलतात याची खात्री करून घेतली. साईक्सच्या सांगण्यात किंचित गंमतीचा सूर आहे. वास्तविक त्या माणसांनी केला तो नेमका प्रयोग होता : शंका घेतली, एक गोष्ट बदलून पाहिली, परिणाम तपासला. घोड्यासकट त्या कड्याजवळ पोहोचायचे तर वाट ठाऊक असलेले कोणी सोबत लागतेच. त्यांपैकी एकाचेही नाव निबंधात नाही. बिंगहॅमने निदान आर्तेआगाचे नाव तरी लिहून ठेवले.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले आणि हा सारा टापू वनखात्याच्या नियमांखाली आला. पाचनई, रतनवाडी, कुमशेत येथील अनेक घरांत आज जेवण, मुक्काम आणि वाट दाखवणे ही मिळकतीची साधने आहेत. वाटाड्या घेण्याचा खर्च वाचवण्याची शेखी मिरवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पावसाळ्यात येथे दहा फुटांवरचे दिसत नाही. आणि कात्राबाईचे ठाणे कशासाठी आहे, कोणत्या टाक्याचे पाणी पिण्याचे, कोणत्या कपारीत जुन्या काळी कोण लपले होते, हे कोणत्याही भ्रमणध्वनीच्या नकाशावर लिहिलेले नसते. त्यातले सगळेच इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. ते तपासावे लागेल, ताम्रपट तपासतात तसेच. पण तपासायला आधी ऐकावे लागते.

उतरताना पाचनईला परत न जाता अनेकजण टोलार खिंडीतून पुणे जिल्ह्यातील खिरेश्वरला जातात. त्या खिंडीत एका दगडावर वाघाचे शिल्प कोरलेले आहे. त्यावर तारीख नाही आणि कोरणाऱ्याचे नावही नाही.