गिटार पेडलच्या पेटीवरील अक्षरांकन

गिटार पेडलच्या पेटीवरील अक्षरांकन : विद्युत गिटारचा आवाज बदलणारे सर्किट ज्या धातूच्या पेटीत बसवतात, तिच्यावर नॉबची नावे, इनपुट-आउटपुटच्या खुणा व सजावटीचे चित्र उमटवण्याचे तंत्र. पेडल बुटाने दाबले जाते, घामट हातांनी हाताळले जाते आणि केबलींसोबत पिशवीत घासले जाते. त्यामुळे लेबलचा टिकाऊपणा चित्रापेक्षा त्याखालच्या पृष्ठभागावर व वरच्या पारदर्शक थरावर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी : ‘मेस्ट्रो फझ-टोन’ हे ट्रान्झिस्टरवर चालणारे पेडल १९६२ मध्ये बाजारात आले. ‘बॉस’ या जपानी कंपनीची आटोपशीर पेडले १९७७ पासून मिळू लागली. महाराष्ट्रात गिटारवादकांबरोबर इलेक्ट्रिक बेंजो वाजवणारेही असे इफेक्ट वापरतात. हौशी कारागीर सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून आणतात.

पूर्वतयारी : ‘हॅमंड १५९० बी’ ही ओतीव ॲल्युमिनियमची पेटी सुमारे ११२ × ६० × ३१ मिमी. मापाची असते. छिद्रे आधी पाडून घेतात; पायाच्या स्विचला साधारण १२ मिमी. व नॉबच्या पोटेन्शिओमीटरला ७ मिमी. छिद्र लागते. मग पॉलिश पेपर मारून स्पिरिटने तेलकटपणा काढतात. उघड्या ॲल्युमिनियमवर रंग नीट धरत नाही, म्हणून रंगवायच्या पेटीला प्रायमर आवश्यक. पावडर कोटिंग सर्वांत टणक, पण ते सुमारे १८०–२०० °से. तापमानाच्या भट्टीत भाजावे लागते.

पद्धती : (१) वॉटर-स्लाइड डिकॅल : नक्षी खास कागदावर छापून कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट ठेवतात. पापुद्रा सुटू लागला की तो ओल्या पेटीवर सरकवून जागेवर आणतात आणि मधून कडेकडे बोट फिरवत पाणी व हवेचे बुडबुडे काढतात. वाळल्यावर छिद्रांवरचा भाग पात्याने कापतात. लेझर प्रिंटरची छपाई पाण्यात टिकते. इंकजेटची शाई पसरते, म्हणून तिच्यावर आधी लॅकर मारतात. साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नसल्याने पारदर्शक कागदासाठी पेटी फिकट रंगाची हवी. (२) अम्लरेखन (एचिंग) : लेझर प्रिंटरच्या टोनरची उलटी प्रतिमा इस्त्रीने उघड्या, प्रायमर न मारलेल्या धातूवर उतरवून न झाकलेला भाग फेरिक क्लोराइडने कोरतात. ॲल्युमिनियमवर ही क्रिया जोरात होते व उष्णता निघते. त्यामुळे द्रावण पातळ, हातमोजे, चष्मा व मोकळी हवा हवी. खोलगट अक्षरांत काळा रंग भरून वरचा भाग घासतात. अक्षरे धातूतच असल्याने ही पद्धत सर्वांत टिकाऊ ठरते. (३) रेडियम : मोटारसायकलींसाठी कापतात तेच विनाइल. स्वस्त व झटपट. मात्र स्विचभोवतीची कड लवकर उचलली जाते.

संरक्षक थर : पारदर्शक लॅकरचे पातळ हात अंतराअंतराने मारतात, पहिलाच हात जाड बसला तर डिकॅल सुरकुततो. पावसाळी दमट हवेत लॅकर पांढुरके पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलट होते : फवारा पेटीवर पडण्याआधीच सुकू लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. ढोकीसारख्या (जि. धाराशिव) गावी हे काम सकाळी सावलीत, वारा नसताना करणे चांगले. दोन घटकांचे लॅकर अधिक कणखर असते; त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने साधा रुमाल बांधून ते फवारू नये.

मजकूर : नावांइतकीच विजेची खूण महत्त्वाची. बहुतेक पेडले ९ व्होल्टवर, मधली पिन ऋण असलेल्या ॲडॅप्टरवर चालतात. वेगळी जोडणी असल्यास ती सॉकेटजवळ लिहावी. तळाशी वेल्क्रो चिकटवतात, म्हणून तेथे मजकूर देऊ नये.

निवड : गावात जेरॉक्सच्या दुकानातील लेझर प्रिंटर व गॅरेजला लागणारा स्प्रे कॅन एवढ्या सामग्रीवर, डिकॅलचा कागद मागवून घेतल्यास, डिकॅल जमतो. एखाद-दुसऱ्या पेटीसाठी तोच सोयीचा. एकसारख्या बऱ्याच पेट्यांसाठी स्क्रीन प्रिंटिंग परवडते.